तपासणीत पास

मणक्याच्या विभागाबाहेर बाकं आहेत, पण तिथे येणारी माणसं बसत नाहीत. कुणी भिंतीला खांदा लावून उभं, कुणी एका कुल्ल्यावर भार टाकून बाकाच्या कडेला लटकलेलं, कुणी रिकाम्या चाकाच्या खुर्चीचे दांडे धरून वाकलेलं आणि फरशी बघत असलेलं. सगळे साठीच्या पुढचे. गादीवर लोळून इथवर पोचलेला त्यात एकही नव्हता. हात बघितले तरी कळत होतं.

खिडकीतून चार पानांचा कागद मिळाला. वर ठळक अक्षरात लिहिलेलं : तुमच्या आरोग्याची आणि पार्श्वभूमीची माहिती. साखर आहे का, रक्तदाब आहे का, तंबाखू खाता का, वर्षभरात किती वेळा पडलात, घरी कोण असतं, मन उदास असतं का. व्यवसायासाठी चार चौकोन होते. नोकरी, धंदा, घरकाम, निवृत्त.

"निवृत्त लिही," बाबा म्हणाले.

मी चौकोनात खूण केली. एकेचाळीस वर्षं त्या खुणेखाली गेली.

बाबा गोदामात हमाल होते. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, थप्पीला लावायचं, उतरायचं, पुन्हा घ्यायचं. टोळीत त्यांना खांब म्हणत. पोतं घेतल्यावरही बाबा वाकत नसत, म्हणून. आता तोच खांब एकाहत्तराव्या वर्षी काटकोनात वाकून चालत होता. पन्नास पावलं झाली की बसायचं. पुढे टेकायला काही असलं की बरं वाटायचं, म्हणून ते शेजारणीची भाजी आणायची ढकलगाडी मागून घेऊन फिरायला जात. मणक्याच्या आतली जागा अरुंद झालीय आणि नसा चेपल्या जाताहेत, असं गल्लीतल्या डॉक्टरांनी फिल्म बघून सांगितलं आणि मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे आधी ही चार पानं भरून घेतात, मग तपासतात आणि मग ठरवतात. ताबडतोब ऑपरेशन, यादीत नाव, किंवा घरी जाऊन व्यायाम. आम्हाला ताबडतोबमध्ये जायचं होतं. का, ते सांगते.

एकदा बाबा फिरून आले ते एकाच पायात चप्पल घेऊन. दुसरा पाय उघडा आणि टाचेला काचेचा तुकडा. जिन्याच्या पायऱ्यांवर रक्ताचे ठसे उमटलेले.

"दुसरी चप्पल कुठे?" मी विचारलं.

"कुठली दुसरी?" ते म्हणाले आणि त्यांनी खाली बघितलं. चप्पल गळून पडलेली त्यांना कळली नव्हती. काचही कळली नव्हती.

आणि दुसरी गोष्ट. मी लाँड्रीत काम करते. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी मशीनवर दाबून घड्या घालते. कपड्याला कशाचा वास आहे ते मला नाक न लावता कळतं. तीन आठवडे रोज सकाळी बाबांचा पायजमा मोरीतल्या नळावर ओला लटकलेला असायचा. स्वतः धुतलेला, स्वतः पिळलेला, आणि पिळताना कमरेचे काय हाल झाले असतील ते त्यांनाच ठाऊक. "हल्ली घाम फार येतो," ते म्हणायचे. मीही म्हणायचे, उकाडाच आहे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दोघांच्या घरात असं एखादं खोटं दोघांनी मिळून सांभाळावं लागतं.

आता गोदामातली तपासणी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर यायचा. काट्याच्या खोलीत, जिथे पोती वजन करत तिथेच, टेबल टाकायचे. टोळी रांगेत, अंगात फक्त चड्ड्या. वाका म्हटलं की वाकायचं. झोपून पाय ताठ वर करायचे. मग डॉक्टर बोटांनी मणका मणका दाबत खाली यायचा आणि विचारायचा, कुठे दुखतं का? जो हो म्हणाला त्याच्या कागदावर शिक्का पडायचा : हलकं काम द्यावं. गोदामात हलकं काम नव्हतंच. पोतं पन्नास किलोचंच असतं. हलकं काम म्हणजे घर.

म्हणून टोळीत नवा माणूस आला की बाबा त्याला पोतं उचलायला नंतर आणि तपासणी द्यायला आधी शिकवायचे. वाकताना श्वास सोडत जायचं, कळ तोंडावर येत नाही. पाय वर करताना गुडघा नखभर सैल ठेवायचा. आणि मणका दाबला की हसायचं. "गुदगुल्या होतात साहेब, असं म्हणायचं. ज्याला दुखतं तो हसत नाही, असं डॉक्टर लोकांना शिकवलेलं असतं." ही विद्या बाबांची स्वतःची. एकेचाळीस तपासण्या, एकेचाळीस वेळा पास. त्यांच्या शिकवण्यावर पन्नासेक माणसं म्हातारी होईपर्यंत कामावर टिकली. एकानेच ऐकलं नाही. तो मुंगी. चणीने लहान आणि ओझ्याला दुप्पट, म्हणून मुंगी. त्याला वाटलं, हलकं काम म्हणजे खरंच हलकं काम. चव्वेचाळिसाव्या वर्षी हो म्हणाला आणि त्याच आठवड्यात घरी बसला. पुढे चौकात छत्र्या आणि पिशव्या दुरुस्त करत राहिला. बायको दुसऱ्यांचे जिने पुसत राहिली. मुंगीसारखं बोलाल तर मुंगीसारखे जाल, ही टोळीतली म्हण झाली.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच रुग्णालयाच्या आधीचे आठ दिवस मी बाबांची तालीम घेतली.

"शून्य ते दहामध्ये किती दुखतं असं विचारतील. नऊ सांगायचं."

"दहा का नको?"

"दहा म्हटलं की नाटक वाटतं."

"म्हणजे दुखण्यातही घासाघीस आलीच."

मी डॉक्टर व्हायचे, ते पालथे पडायचे. मी मणका दाबला की ते हसायचे. हसू नका म्हटलं तर म्हणायचे, आपोआप येतं गं. चौथ्या दिवशी त्यांनी हसू गिळलं आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये ओरडावं तसं "आई गं" म्हणाले. इतकं वाईट की आम्ही दोघंही पोट धरून हसलो. त्या घरातलं ते शेवटचं हसणं. तेव्हा कुठे माहीत होतं.

पायजम्याची तालीम मात्र आम्ही घेतली नाही. तिसऱ्या पानावर तो प्रश्न होता. मी तेवढी ओळ कोरी ठेवली. म्हटलं, आत विचारतीलच.

बाहेर उभं असताना मागून आवाज आला, "काय खांबा, टेकू लागला का रे?"

मुंगी होता. भिंतीला गाल लावून उभा. सत्तावीस वर्षांनी भेटलेले दोघं, पण मिठी मारायला दोघांच्याही कमरा तयार नव्हत्या. लांबूनच एकमेकांची मनगटं धरली.

"तू इथे काय करतोस? तू तर तेव्हाच मोडलास," बाबा म्हणाले.

"मोडलो म्हणून अर्धा तरी उरलो. तू लेका अख्खा वापरून टाकलास."

किती सांगणार, असं बाबांनी विचारलं. मुंगी म्हणाला, नऊ. माझी नोकरी घेऊन झालीय त्यांची, आता काय घेणार आहेत? बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी पण नऊच, म्हणाले. मला हायसं वाटलं.

आतली डॉक्टर माझ्याहून लहान होती. वाईट नव्हती. मला सोपं जावं म्हणून मी तिला पुष्कळ दिवस वाईट ठरवून बघितलं, पण नव्हती. कागदात तोंड खुपसून बोलली नाही, बाबांना आजोबा म्हणाली, स्वतः उठून खुर्ची दिली. पण खोलीच्या कोपऱ्यात वजनकाटा होता, लोखंडी. शेजारी टेबल. पांढरा डगला आणि हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद. बाबांनी काट्याकडे एकदा बघितलं आणि खुर्ची नाकारून ताठ उभे राहिले.

महिन्याभरात पहिल्यांदा मी त्यांना सरळ बघत होते. कानामागून घामाची धार निघाली होती, पण तोंडावर रेघ नव्हती.

"आजोबा, शून्य ते दहामध्ये किती दुखतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांत नऊचा आकडा धरून बसले होते.

"दोन," बाबा म्हणाले. "दोन म्हणजे वयाच्या मानाने काहीच नाही, साहेब."

ती बाई होती, तरी साहेब. मी मध्ये बोलले. घरी फार दुखतं, पन्नास पावलंही होत नाहीत म्हणाले. डॉक्टरने विचारलं, हो का आजोबा? बाबा म्हणाले, पोरीचा जीव आहे माझ्यावर, वाढवून सांगते. तिने त्यांना वाकायला सांगितलं. ते श्वास सोडत वाकले. पाय ताठ वर केले, गुडघा नखभर सैल. डोळे मिटायला लावून ती पायाला सुई टोचत गेली आणि कळतंय का विचारत गेली. तिचा हात एका ठेक्यात पडत होता. फळीवर पावलं तालात टाकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला तो ठेका धरायला काय लागतं? हो. हो. हो. एकही हो चुकला नाही. मग तिने मणका दाबला आणि बाबा हसले.

"गुदगुल्या होतात, साहेब."

तीही हसली. तिला त्यात एक खेळकर म्हातारा दिसला असणार. दुसरं काय दिसणार? आम्हीच कागदावर निवृत्त लिहून त्यांना आत पाठवलं होतं. दुखणं लपवायची नोकरी एकेचाळीस वर्षं केली, असा चौकोन त्यावर नव्हता.

तिने फिल्म दिव्यावर लावली. फिल्म वाईट आहे, म्हणाली, पण अशा फिल्मची कितीतरी माणसं नीट चालत असतात, म्हणून आम्ही फिल्मपेक्षा माणूस बघतो. आणि मग तिला तिसऱ्या पानावरची कोरी ओळ दिसली.

"लघवीवर ताबा आहे ना, आजोबा? कपड्यात कधी होत नाही ना?"

"छे छे."

तिने पेन थांबवलं आणि मान माझ्याकडे वळवली. "घरी तुमच्या कधी काही लक्षात आलंय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. दटावलं असतं तर मी बोलले असते. आयुष्यभर त्यांच्या दटावण्याला मी भीक घातली नाही. पण ती दटावणी नव्हती. ते माझ्यापुढे हात जोडत होते, नुसत्या डोळ्यांनी. दीडशे माणसांच्या गोदामात ज्याने कुणापुढे मान वाकवली नाही, तो बाप.

"नाही," मी म्हणाले.

तिने ओळ भरली. पट्टा लिहून दिला, गोळ्या लिहून दिल्या, व्यायामाच्या चित्रांचा कागद दिला आणि चार महिन्यांनी बोलावलं. उठताना मला मुद्दाम थांबवून म्हणाली, पाय लुळे पडले किंवा लघवीचं काही झालं तर थांबू नका, त्याच दिवशी या. मी हो म्हणाले. काय तोंडाने हो म्हणाले, ते मला विचारू नका.

बाबा फाटकापर्यंत ताठ चालले. फाटकाबाहेर आल्यावर भिंत धरली आणि घसरत खाली बसले. ओठ पांढरे पडले होते, पण चेहरा खुशीत होता.

"पास झालो," ते म्हणाले.

मग माझ्याकडे बघितलं आणि खुशी उतरत गेली. हळूहळू, भांड्यातलं पाणी झिरपावं तशी.

"नऊ म्हणायचं होतं ना गं?"

मी म्हटलं, परत जाऊ या. अजून आतच आहे ती. दोनशे पावलं होती, मी चाकाची खुर्ची आणली असती. बाबांनी फाटकाकडे बघितलं. मग म्हणाले, आता परत जाऊन काय सांगू, मघाशी खोटं बोललो म्हणून? मी म्हणू शकले असते, तुम्ही बसा, मी एकटी जाते. पण तिथे मीही खोटंच बोलले होते. दोघांनीही आपापली लाज सांभाळली आणि रिक्षा केली.

मुंगीने नऊ सांगितलं आणि बाकीचंही सगळं सांगितलं, न विचारलेलंसुद्धा. बाराव्या दिवशी त्याचं ऑपरेशन झालं.

आमच्या मोरीत रोज ओला पायजमा. एकोणीस सकाळी. रोज मी ठरवायचे की आज कामावर न जाता रुग्णालयात जाते आणि खरं काय ते सांगते. रोज चादरींपाशी जाऊन उभी राहायचे. तिथे मुकादमीण विचारायची, कंबर दुखतेय का गं, वाकडी उभी राहतेस? मी म्हणायचे, छे, कुठे काय. बापाची लेक.

विसाव्या सकाळी मी डबा भरत होते आणि बाबांनी हाक मारली. आवाज अगदी साधा, चष्मा सापडत नाही म्हणून मारावी तशी हाक.

"पोरी, जरा बघ गं. पाय कुठे गेले?"

पांघरुणाखाली दोन्ही पाय होते. मी हलवले, चिमटे काढले, नखं रुतवली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पायांकडे नाही.

शेजारच्या चार जणांनी खुर्चीला दोर बांधून त्यांना जिन्याने खाली नेलं. नवखी माणसं, चारही बाजूंनी ओढायला लागली. बाबा खुर्चीतून सांगत होते, खालच्याने भार घ्यायचा, वरच्याने नुसता तोल. वळणावर घाई नको. पाऊल एकदम टाका. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः ओझं होते आणि तेही काम ते नीट करून घेत होते.

तीच डॉक्टर होती. तिने जुना कागद काढला आणि तिसरं पान उलटलं.

"लघवीचं कधीपासून?"

"तेव्हाही होतं," मी म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेन खाली ठेवलं. "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"त्याच दिवशी टेबलावर घेतलं असतं त्यांना."

एवढंच बोलली आणि धावपळीला लागली. दुपारी ऑपरेशन झालं. नसांवरचा दाब निघाला, पण नसा फार दिवस चेपल्या गेल्या होत्या, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. थोडे दिवस वाट बघू म्हणाले. तीन आठवडे बघितली. मग वाट बघू म्हणायचंही थांबले आणि मला नळीची पिशवी कशी रिकामी करायची, कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, ते शिकवायला नर्स आली. मी भराभर शिकले. शिकवलेलं भराभर शिकायची आमच्या घरात पद्धतच आहे.

मुंगी भेटायला आला, काठी टेकत, पण सरळ. बाबांनी त्याला बसू दिलं नाही.

"चाल बघू."

तो वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. बाबा मुकादमासारखे त्याच्या पावलांकडे डोळे लावून होते. वळताना उजवा पाय ओढतोस, म्हणाले. बाकी बरोबर आहे. मुंगी बाहेर व्हरांड्यात आला आणि काठी भिंतीवर आपटून मला म्हणाला, "टोळीत सगळ्यांनी ह्याचं ऐकलं. सगळ्यांच्या चुली ह्याने पेटत्या ठेवल्या. मी एकट्याने नाही ऐकलं, आणि बघ, चालतोय मी." त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता. मलाही त्याचा राग आला नाही. मला त्या काट्याच्या खोलीचा राग आला, शिक्क्याचा आला, एकेचाळीस वर्षं बोटं दाबून गेलेल्या आणि एकदाही दुसऱ्यांदा न विचारणाऱ्या डॉक्टरांचा आला. आणि सगळ्यांचा येऊन झाल्यावर उरलेला माझाच होता. तो अजून संपत नाही.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर शेवटची तपासणी करायला आली. पुन्हा चार पानं, पुन्हा तेच चौकोन. तिने बाबांच्या पायांवरची चादर बाजूला केली आणि सुई काढली. बाबांना डोळे मिटायला सांगितलं. ते मिटायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

डॉक्टरने सुईचं टोपण काढायला घेतलं. ते घट्ट बसलं होतं. अजून तिने पायाला हातही लावला नव्हता.

"नऊ," बाबा म्हणाले. डोळे गच्च मिटलेले. "नऊ, साहेब. फार दुखतंय. पोरीला विचारा."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. तिने टोपण परत लावलं आणि पायांना टोचलेलं कळतं का, त्या ओळीवर शून्य लिहिलं.